दाम करी काम, पण कुठवर?



दहावीचा निकाल लागला की आपल्या शाळेत दोन दिवस पेढ्यांचे असतात आणि तिसऱ्या दिवसापासून टक्केवारीची चर्चा सुरू होते. यंदाही तसेच झाले. पालक-शिक्षक सभेत एका पालकांनी सूचना मांडली की, ज्या शिक्षकांच्या विषयाचा निकाल चांगला लागेल त्यांना रोख बक्षीस द्यावे आणि ज्यांचा निकाल घसरेल त्यांची वार्षिक पगारवाढ रोखावी. सूचना मांडणारे गृहस्थ उद्यमबागेतील एका कारखान्यात सुपरवायझर आहेत. "आमच्याकडे दाम करी काम. शाळेत वेगळे काय असणार?" असे ते म्हणाले. टाळ्याही पडल्या. विश्वस्त मंडळाने सूचना टिपून घेतली असून पुढील बैठकीत तिच्यावर विचार होणार आहे.

त्या बैठकीआधी आमचे मत सर्वांसमोर ठेवावे, म्हणून हा लेख. आम्ही म्हणजे या वार्तापत्राचे काम पाहणारे चार-पाच जण. आमच्यात माजी विद्यार्थी आहेत, पालक आहेत आणि याच शाळेतून निवृत्त झालेल्या एक बाईही आहेत. सूचना मांडणाऱ्या पालकांचा हेतू चांगला आहे, याबद्दल आमच्या मनात शंका नाही. निकाल सुधारावा असे कोणाला वाटत नाही? प्रश्न एवढाच आहे की, माणूस मन लावून काम कशाने करतो? या प्रश्नावर गेली शंभरहून अधिक वर्षे जगभर विचार आणि प्रयोग झाले आहेत. निर्णय घेण्यापूर्वी ते पाहून घेणे शहाणपणाचे ठरेल.

कारखान्यापासून सुरुवात

या विचाराची सुरुवात कारखान्यातच झाली. फ्रेडरिक टेलर नावाचे अमेरिकन अभियंते होते. पेनसिल्व्हेनियातील बेथलेहेम पोलाद कारखान्यात १८९९ मध्ये त्यांनी लोखंडाचे ठोकळे उचलून वॅगनमध्ये भरणाऱ्या मजुरांच्या कामाची पाहणी केली. एक मजूर दिवसाला सरासरी साडेबारा टन माल भरत असे. टेलर यांनी कसे उचलायचे, केव्हा थांबायचे हे ठरवून दिले आणि जास्त मजुरीची लालूच दाखवली. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या पुस्तकात त्यांनी लिहिले की, श्मिट या नावाने उल्लेखलेला मजूर त्यानंतर दिवसाला साडेसत्तेचाळीस टन भरू लागला आणि त्याची मजुरी १.१५ डॉलरवरून १.८५ डॉलर झाली. या हकिकतीतील काही तपशिलांवर पुढे संशोधकांनी शंका घेतल्या आहेत, पण 'दाम करी काम' या म्हणीचे शास्त्र तिथून उभे राहिले.

विद्यार्थी मित्रांनो, इथे एक छोटे गणित करा. काम किती पटीने वाढले आणि मजुरी किती टक्क्यांनी? काम जवळजवळ पावणेचार पट झाले, मजुरी मात्र साठ टक्क्यांनीच वाढली. दामाने काम होते हे खरे. पण त्या कामाचा वाटा कोणाला किती मिळतो, हा प्रश्न तेव्हापासूनच सुरू झाला.

दुसरा प्रसिद्ध प्रयोग शिकागोजवळच्या हॉथॉर्न येथील कारखान्यात झाला. तिथे टेलिफोनची यंत्रसामग्री तयार होत असे. १९२४ ते १९३२ या काळात तिथे अनेक चाचण्या घेतल्या गेल्या. दिव्यांचा उजेड वाढवला तर काम वाढते का, हे पाहताना असे आढळले की, ज्या गटाचा उजेड बदललाच नव्हता त्याचेही काम वाढले. पुढे पाच मुलींना एका वेगळ्या खोलीत बसवून विश्रांतीच्या आणि कामाच्या वेळा बदलून पाहिल्या. त्यांचेही काम एकंदरीत वाढत गेले. एल्टन मेयो आदी विद्वानांनी असा निष्कर्ष काढला की, आपली कोणी विचारपूस करते आहे, आपले मत घेतले जाते आहे, या जाणिवेचा कामावर मोठा परिणाम होतो. या प्रयोगांतही त्रुटी होत्या. पाचपैकी दोन मुली मध्येच बदलल्या होत्या आणि त्यांची पगाराची पद्धतही बदलली होती. म्हणून सगळे श्रेय आपुलकीला देता येत नाही.

याच कारखान्यातील आणखी एक निरीक्षण फारसे सांगितले जात नाही, पण आपल्या प्रश्नाला ते जवळचे आहे. चौदा कामगारांच्या एका गटाला जास्त काम केल्यास जास्त पैसे मिळणार होते. तरीही त्यांनी आपापसात रोजच्या कामाचा एक आकडा ठरवून टाकला होता. जो कोणी त्याहून भरभर काम करी, त्याच्या दंडावर सोबती गुद्दा हाणत! कारण त्यांना भीती होती की, आज जास्त काम दाखवले तर उद्या मालक तेवढ्याच कामाचा दर कमी करील. बक्षीस होते, पण बक्षीस देणाऱ्यावर विश्वास नव्हता.

हे आम्ही सूचना मांडणाऱ्या पालकांना नंतर चहाच्या वेळी सांगितले. ते हसले आणि त्यांनीच आपल्या फौंड्रीतली गोष्ट सांगितली. मध्यंतरी तिथे नगावर पैसे देण्याची पद्धत आली. साच्यांची संख्या वाढली, सगळे खूश झाले. महिनाअखेरीस पाहिले तर परत आलेल्या, हवेच्या पोकळ्या असलेल्या कास्टिंगचा ढीगही वाढला होता. "मग काय केले?" आम्ही विचारले. "चांगला निघालेला नगच मोजायचा, असे ठरवले," ते म्हणाले. आम्ही म्हटले, साहेब, फौंड्रीत खराब नग पुन्हा भट्टीत टाकून वितळवता येतो. आमच्या वर्गातल्या मुलाचे काय करायचे? यावर तेही क्षणभर गप्प झाले.

शिक्षक खोलीतले दोन पगार

१९५९ साली फ्रेडरिक हर्झबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पिट्सबर्ग परिसरातील सुमारे दोनशे अभियंते आणि हिशेबनीस यांच्या मुलाखतींवर आधारलेले पुस्तक प्रसिद्ध केले. कामात कधी फार बरे वाटले आणि कधी फार वाईट वाटले, एवढेच त्यांनी विचारले होते. उत्तरांतून असे दिसले की, वाईट वाटण्याची कारणे आणि बरे वाटण्याची कारणे वेगवेगळी आहेत. संस्थेचे जाचक नियम, वरिष्ठांची वागणूक, पगाराबद्दलचा अन्याय यांनी माणूस नाराज होतो. पण ही कारणे दूर केली म्हणून तो उत्साहाने पेटून उठतो असे नाही. उत्साह येतो तो काम साधल्याच्या आनंदातून, त्याची कोणी दखल घेतल्याने, जबाबदारी मिळाल्याने आणि स्वतः पुढे गेल्याने. हर्झबर्ग यांच्या पद्धतीवर आक्षेप घेतले गेले आहेत. यश आले की माणूस श्रेय स्वतःला देतो आणि अपयश आले की परिस्थितीला दोष देतो, त्यामुळे मुलाखतीत अशीच उत्तरे येणार, असे टीकाकार म्हणतात. तरीही आपल्या शाळेकडे या चष्म्यातून पाहिले तर बरेच काही स्पष्ट दिसते.

आपल्या शिक्षक खोलीत सध्या दोन प्रकारचे शिक्षक बसतात. काही शासनमान्य अनुदानित जागांवर आहेत. निवृत्त झालेल्यांच्या जागा भरल्या न गेल्यामुळे उरलेल्यांची नेमणूक संस्थेने आपल्या खर्चाने केली आहे. दोघे तेच तास घेतात, त्याच वह्या तपासतात, गॅदरिंगच्या वेळी रात्री उशिरापर्यंत तेच थांबतात. पगारात मात्र निम्म्याहून अधिक फरक आहे. यात संस्थेचा सगळा दोष आहे असे आम्ही म्हणत नाही. गंगाजळी किती आहे हे आम्हांलाही ठाऊक आहे. पण या फरकाचा मनावर काय परिणाम होतो, हे समजून घ्यायला हवे.

जॉन स्टेसी अ‍ॅडम्स यांनी १९६३ मध्ये यावर एक सिद्धांत मांडला. माणूस आपला पगार नुसता मोजत नाही, तो शेजाऱ्याच्या पगाराशी ताडून पाहतो. मी किती देतो आणि मला किती मिळते, तो किती देतो आणि त्याला किती मिळते, हे गुणोत्तर जुळले नाही की मन खट्टू होते. मग माणूस एक तर काम कमी करतो, नाही तर सोडून जातो.

याचे उदाहरण शोधायला आपल्याला दूर जायला नको. लक्ष्मणराव किर्लोस्कर याच बेळगाव जिल्ह्यात गुर्लहोसूर येथे १८६९ साली जन्मले. मुंबईच्या व्हिक्टोरिया ज्युबिली तंत्रशिक्षण संस्थेत ते शिकवत होते. बढतीची वेळ आली तेव्हा त्यांना डावलून ती जागा एका अँग्लो-इंडियन माणसाला दिली गेली. लक्ष्मणरावांनी नोकरी सोडली. ते बेळगावात आले, सायकलच्या दुकानात रमले, पुढे लोखंडी नांगर तयार केले आणि १९१० मध्ये किर्लोस्करवाडी वसवली. त्यांच्या जाण्याने आपल्या भागाचा लाभ झाला, हे खरे. पण त्या संस्थेच्या बाजूने पाहा. एक असामान्य शिक्षक तिने गमावला, आणि तो अन्यायामुळे गमावला.

त्याग हा शिक्षकाचा धर्म आहे, त्यांनी पगाराकडे पाहू नये, असेही आपल्यात म्हटले जाते. त्यागाची परंपरा आपल्याकडे आहे आणि ती थोर आहे. अब्राहम मास्लो यांनी १९४३ मध्ये माणसाच्या गरजा पाच प्रकारांत मांडल्या: अन्नवस्त्रासारख्या गरजा, सुरक्षितता, आपलेपणा, मान आणि आपल्या अंगच्या गुणांचा पूर्ण विकास. खालची गरज बऱ्यापैकी भागल्यावर वरची डोके वर काढते, असा त्यांचा विचार. पण कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी अंगावरचे दागिने मोडले, तेव्हा त्यांनी ही चढण उलटीच पार केली होती. अशी माणसे असतात. मात्र त्याग स्वतः करायचा असतो. दुसऱ्याच्या पगारपत्रकावर तो लिहून द्यायचा नसतो. आणि त्यागी मंडळींतही पैशाचा प्रश्न किती नाजूक असतो, हे डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या इतिहासात दिसते. अल्प वेतनावर आयुष्य वाहिलेल्या आजीव सदस्यांत वेतनवाढ आणि बाहेरची कमाई यांवरून मतभेद झाले आणि १८९० मध्ये टिळक संस्थेतून बाहेर पडले. तिथे लोभी कोणीच नव्हते. प्रश्न तत्त्वाचा होता.

सरांनी सांगितलेले कारण

गेल्या जूनमध्ये आपले गणिताचे एक सर शाळा सोडून गेले. ते पगारासाठी गेले, असे आपण सगळ्यांनी ठरवून टाकले. निरोप समारंभानंतर आमच्यापैकी एकाने त्यांना विचारले. ते म्हणाले, "पगार कमी आहे हे मला आलो त्या दिवशीच माहीत होते. सात वर्षांत माझ्या वर्गात येऊन मी कसे शिकवतो हे कोणी पाहिले नाही. ऑफिसात बोलावणे दोनदाच आले. दोन्ही वेळा, निकाल कमी का लागला, एवढेच विचारले."

हे शब्द आमच्या मनातून जात नाहीत. याच सरांनी पुष्कळ कच्च्या मुलांना शनिवारी दुपारी थांबवून अपूर्णांक शिकवले होते. त्यातली काही मुले पस्तीस गुणांनी पास झाली. आपल्या टक्केवारीत त्या पस्तीस गुणांना काय किंमत आहे? निकालावर बक्षीस असते तर त्या सरांना ते मिळाले नसते. हुशार मुलांची तुकडी ज्यांच्या वाट्याला आली, त्यांना मिळाले असते. आपल्या शाळेची तुकडी तर लहान. पंचवीस मुलांच्या वर्गात एक मूल आजारी पडून नापास झाले तर निकाल चार टक्क्यांनी घसरतो. मग पगारवाढ कोणाची रोखायची? त्या मुलाच्या तापाची?

दुसरी बाजू

आमच्या मताला सोयीचे तेवढेच सांगितले तर ते प्रामाणिकपणाचे होणार नाही. पैशाच्या प्रोत्साहनाने शाळेत उपयोग झाल्याची उदाहरणे आपल्याच देशात आहेत. कार्तिक मुरलीधरन आणि वेंकटेश सुंदररामन यांनी आंध्र प्रदेशातील ग्रामीण सरकारी प्राथमिक शाळांत एक मोठा प्रयोग केला. त्याचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. मुलांच्या प्रगतीनुसार शिक्षकांना बोनस दिला गेला. तो सरासरी वार्षिक पगाराच्या तीन टक्क्यांच्या आसपास होता. दोन वर्षांनंतर या शाळांतील मुले गणितात आणि भाषेत इतर शाळांतल्या मुलांच्या पुढे होती. उदयपूर भागातील एकशिक्षकी केंद्रांत शिक्षकांचा रोज मुलांसोबत फोटो काढायचा आणि हजर दिवसांप्रमाणे पगार द्यायचा, असा प्रयोग झाला. तिथे गैरहजेरी ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आली.

तेव्हा 'पैशाने काहीच होत नाही' असे आम्ही म्हणणार नाही. पण बारकाईने पाहा. उदयपूरला दुखणे होते ते गैरहजेरीचे. आपल्या शाळेत शिक्षक गैरहजर राहतात, अशी तक्रार आजवर कोणी केलेली नाही. आंध्रात बोनस होता तो मुलाने आधीपेक्षा किती प्रगती केली यावर. किती टक्के पास झाले यावर नव्हता. त्यामुळे कच्च्या मुलाकडे लक्ष देणेही शिक्षकाच्या फायद्याचे होते. शिवाय कोणाची पगारवाढ रोखलेली नव्हती. आपल्या सभेत आलेली सूचना या दोन्ही बाबतींत वेगळी आहे.

न्यूयॉर्क शहरात २००७ पासून तीन वर्षे सुमारे दोनशे शाळांत बोनसची योजना राबवली गेली. पाहणीत मुलांच्या गुणांवर तिचा परिणाम दिसला नाही आणि २०११ मध्ये ती बंद झाली. अटलांटा शहरात तर निकालाचा दबाव इतका वाढला की, शिक्षकांनी मुलांच्या उत्तरपत्रिकांतील चुकीची उत्तरे खोडून बरोबर केली. २०११ च्या चौकशीत ४४ शाळांतील १७८ शिक्षक व अधिकाऱ्यांची नावे पुढे आली आणि २०१५ मध्ये अकरा जणांना न्यायालयाने दोषी ठरवले. ही माणसे मुळात वाईट होती असे कोण म्हणेल? बक्षीस आणि भीती दोन्ही एकाच आकड्यावर टांगली की माणूस मुलाकडे न पाहता आकड्याकडे पाहू लागतो.

पालकांनो, हे घरातलेही आहे

१९७३ साली अमेरिकेतील एका बालवाडीत झालेला एक साधा प्रयोग आम्हांला पालकांसमोर मुद्दाम ठेवायचा आहे. मार्क लेपर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी चित्रे काढण्याची आवड असलेली तीन ते पाच वर्षांची मुले निवडली. काहींना आधीच सांगितले की, चित्र काढाल तर सोनेरी चांदणी लावलेले प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना न सांगता शेवटी ते दिले. काहींना काहीच दिले नाही. एक-दोन आठवड्यांनी मुलांना मोकळे सोडून पाहिले. बक्षिसाचे आधी सांगितलेली मुले चित्रांत इतरांच्या जवळजवळ निम्माच वेळ रमली. जे काम ती आवडीने करत होती, ते त्यांना बक्षिसासाठी करायचे काम वाटू लागले होते.

नव्वद टक्के पडले तर मोबाईल, पंच्याण्णव पडले तर गाडी, असे आपण मुलांशी ठरवतो तेव्हा नेमके काय करतो, याचा विचार व्हावा. एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन यांनी पुढे या विषयावर वर्षानुवर्षे काम केले. त्यांच्या मते माणसाचे मन कामात रमायला तीन गोष्टी लागतात: आपल्या कामात आपली काही मर्जी असावी, आपल्याला ते जमते आहे असे वाटावे आणि सोबतच्या माणसांत आपलेपणा असावा. हे मुलाला लागू आहे, शिक्षकाला लागू आहे आणि शिपाईमामांनाही लागू आहे. मामा उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन आवारातल्या झाडांना पाणी घालतात. हे काम त्यांना कोणी सांगितलेले नाही. ती झाडे कोणत्या वर्षी कोणत्या मुलांनी लावली, हे मामांना तोंडपाठ आहे. उद्या झाडामागे दहा रुपये लावले तर मामा पाणी घालतीलच. पण 'माझी झाडे' असे म्हणतील का, याची आम्हांला शंका आहे.

डग्लस मॅक्ग्रेगर यांनी १९६० मध्ये लिहिले की, वरिष्ठांच्या मनात माणसाविषयी दोनपैकी एक समजूत असते. माणूस मुळात आळशी, त्याला हाकलावेच लागते, ही एक. माणसाला काम आणि जबाबदारी हवीच असते, ती समजूत दुसरी. जशी समजूत, तसे आपले नियम. आणि जसे नियम, तशी माणसे हळूहळू वागू लागतात. हे पुस्तक निघण्याच्या कितीतरी आधी किर्लोस्करवाडीत लक्ष्मणरावांनी शिक्षा भोगून आलेल्या माणसांवर राखणीचे काम सोपवले होते. चोरीचा शिक्का बसलेल्या माणसावर त्यांनी विश्वास टाकला. आपल्याला तर आपल्या मुलांच्या शिक्षकांवरच तो टाकायचा आहे.

आमचे म्हणणे

विश्वस्त मंडळाला आमची नम्र विनंती अशी आहे.

पहिले, निकालावर बक्षीस आणि पगारवाढ रोखण्याची सूचना आहे त्या रूपात स्वीकारू नये.

दुसरे, संस्थेच्या खर्चाने नेमलेल्या शिक्षकांचा पगार महिन्याच्या ठरलेल्या तारखेला व्हावा आणि दोन पगारांतील अंतर टप्प्याटप्प्याने कसे कमी करणार, हे त्यांना लेखी कळवावे. अंतर एका वर्षात मिटणार नाही, हे तेही जाणतात. पण पुढचा रस्ता दिसला तर माणूस थांबतो. बक्षिसासाठी जी रक्कम उभी करण्याचा विचार आहे, ती या कामी वापरावी. माजी विद्यार्थ्यांकडून त्यात भर घालण्याचे काम आम्ही अंगावर घेतो.

तिसरे, मुख्याध्यापकांनी आणि मंडळातील एखाद्या जाणत्या सदस्याने वर्षातून दोनदा प्रत्येक वर्गात जाऊन मागे बसावे. तपासायला म्हणून जाऊ नये. पाहायला जावे, आणि जे चांगले दिसेल ते त्याच दिवशी सांगावे. याला खर्च शून्य आहे.

चौथे, कोणता धडा कसा शिकवायचा, ग्रंथालयासाठी कोणती पुस्तके घ्यायची, सहल कुठे न्यायची, अशा बाबतींत शिक्षकांचे मत घेऊन निर्णय व्हावेत. बैठकीत त्यांच्या एका प्रतिनिधीला जागा असावी.

पाचवे, गौरव करायचाच असेल तर तो संपूर्ण शाळेचा करावा आणि त्यासाठी प्रत्येक मुलाची जूनमधली आणि मार्चमधली प्रगती पाहावी. आंध्रातील प्रयोगात दुसऱ्या वर्षी वैयक्तिक बोनसचा परिणाम गटाच्या बोनसपेक्षा सरस दिसला होता, हे आम्ही जाणतो. तरीही आपल्यासारख्या लहान शाळेत, जिथे भाषेच्या बाई आजारी असल्या तर इतिहासाचे सर वर्ग सांभाळतात, तिथे एकाला उचलून दुसऱ्याला खाली ठेवणे परवडणारे नाही, असे आमचे मत आहे. यावर मतभेद असू शकतात. ज्यांचे मत वेगळे असेल त्यांनी अवश्य लिहावे, पुढील अंकात आम्ही ते छापू.

पालकांनाही एक सांगणे आहे. आपण शाळेची पायरी चढतो ती बहुतेक वेळा तक्रार घेऊन. या वर्षी एकदा तरी तक्रारीवाचून या. आपल्या मुलाला ज्यांनी एखादी गोष्ट समजावून दिली, त्या सरांना किंवा बाईंना भेटून तसे सांगा. नुसते 'छान शिकवता' म्हणू नका. 'तुम्ही शिकवलेला भागाकार आता तो घरी धाकट्या बहिणीला शिकवतो' असे नेमके सांगा.

आणि विद्यार्थी मित्रांनो, तुम्हांला यात काय करायचे आहे? एकच. गेल्या जूनमध्ये गेलेले गणिताचे सर सध्या गावातच दुसऱ्या शाळेत शिकवतात. शनिवारच्या दुपारी त्यांच्यापाशी अपूर्णांक शिकलेल्या मुलांपैकी एक जण यंदा आयटीआयला जातो आहे. तो परवा त्यांना पेढे द्यायला गेला होता. सरांनी पेढा हातात घेतला आणि आधी विचारले, "अपूर्णांकांची बेरीज अजून येते ना रे?" तो म्हणाला, "येते सर." आमची खात्री आहे की, त्या महिन्यात सरांना त्याहून मोठा पगार मिळाला नसेल. पण त्या एका वाक्यावर सरांचे घर चालत नाही, हेही आपण मोठ्यांनी विसरता कामा नये. दोन्ही देण्याची जबाबदारी आपली आहे.

पुढील बैठकीत विश्वस्त मंडळ या सगळ्याचा विचार करील, अशी आशा आहे.

– वार्तापत्र समिती